पॅडलच्या मागे कोण आहे?

होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर सुरू होणाऱ्या वादांचे विषय ठरलेले असतात. सचिन की धोनी, तर्री-पोहे कुठले चांगले, आणि मेकॅनिकलचे दोन-चार जण जमले की मग मॅन्युअल की ऑटोमॅटिक. एक जण म्हणतो, "खरी गाडी म्हणजे मॅन्युअल बे, ऑटोमॅटिक म्हणजे चार चाकांची स्कूटी." दुसरा लगेच मोबाईल पुढे करतो, "मग या फेरारीत क्लचचं पेडल दाखव ना भाऊ!" पहिला गप्प बसतो खरा, पण त्याचं समाधान झालेलं नसतं. आणि दुसऱ्यालाही, फेरारीत क्लचचं पेडल नाही म्हणजे नेमकं काय नाही, हे विचारलं तर सांगता येत नाही.

या वादात सगळा घोटाळा करतात ते स्टिअरिंगच्या मागचे दोन कान, म्हणजे पॅडल शिफ्टर. उजवा ओढला की वरचा गिअर, डावा ओढला की खालचा. ते दिसले की गाडी 'स्पोर्टी' झाली असं आपण धरून चालतो, आणि शोरूममध्ये त्याचे वेगळे पैसेही मोजतो. खरं तर पॅडल हे फक्त एक बटण आहे, दाराच्या बेलसारखं. बेल कितीही भारी बसवा, दार किती लवकर उघडेल ते आत कोण आहे त्यावर ठरतं. आत तरुण पोरगा असेल तर लगेच उघडेल, आजोबा असतील तर चष्मा, काठी, मग दार. पॅडलच्या मागे चार वेगवेगळ्या जातीचे गिअरबॉक्स असू शकतात आणि प्रत्येकाचं दार उघडणं वेगळं. म्हणून "पॅडल आहे का?" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. "पॅडलच्या मागे कोण आहे?" हे विचारायला हवं.

गिअर बदलणं म्हणजे तीन कामं

थिअरी ऑफ मशीन्सच्या लेक्चरला जे जागे होते त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. इंजिन सगळ्या आरपीएमला सारखा जोर देत नाही. रामटेकच्या गडावर गाडी चढवताना चाकाला जोर हवा असतो, वेग नको. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना वेग हवा, जोर कमी चालतो. इंजिन तेच, म्हणून मध्ये गिअर. एवढंच.

आता गिअर बदलताना तीन कामं होतात. इंजिन चाकांपासून सोडवायचं, नव्या गिअरचा आणि शाफ्टचा वेग जुळवून तो अडकवायचा, आणि इंजिन परत जोडायचं. ही तीन कामं होत असताना चाकांना जोर मिळत नाही. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. गिअर बदलायला अर्धा सेकंद लागला तर गाडी १४ मीटर नुसती घरंगळत जाते. मॅन्युअल, ऑटोमॅटिक, पॅडल या सगळ्या भानगडी शेवटी या तीन कामांभोवती फिरतात: ती कोण करतं, आणि मधली गॅप किती.

तिन्हींत सगळ्यात अवघड काम दुसरं, वेग जुळवण्याचं. जुन्या ट्रकमध्ये ते ड्रायव्हरच्या कानावर आणि पायावर सोडलेलं असे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलकासा टोला द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गिअर टाका. याला आपल्याकडे 'डबल क्लच' म्हणतात. चुकलं की गिअरबॉक्समधून जो करकराट येई तो ऐकून अख्खी गाडी जागी व्हायची. पुढे सिंक्रोमेश आला. गिअर आणि स्लीव्ह यांच्यामध्ये पितळी शंकूसारखी एक रिंग असते. ती आधी घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात एकमेकांत जाऊ देते. म्हणजे डबल क्लचवाल्या ड्रायव्हरचं कसब त्या रिंगमध्ये उतरलं. आपल्यापासून फार लांब जायला नको. भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, १९८२ पासून. ट्रकचे गिअरबॉक्स तिथे बनतात. हिंगण्याला महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. पण ट्रॅक्टरचं गणित निराळं. नांगरणी करताना गिअर आधी ठरवून टाकायचा आणि तास संपेपर्यंत तोच ठेवायचा. तिथे गॅपची चिंता नसते, दात तुटू नये एवढीच.

मोटारसायकलमध्ये सिंक्रोमेश नसतो. तिथे 'डॉग' असतात, गिअरच्या अंगावर जाड ठोकळ्यांसारखे दात, मध्ये मोकळी जागा ठेवलेले. रिंगने वेग जुळवायची वाट न पाहता ते सरळ खटकन् अडकतात. शिवाय एक फिरणारा ड्रम असतो, त्यामुळे गिअर क्रमानेच पडतात, दुसऱ्यावरून थेट पाचव्यावर उडी मारता येत नाही. बाईक जोरात चालवताना क्लच न दाबता, फक्त ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून वरचा गिअर टाकून पाहिला असेल तर हे तुम्हाला माहीत आहे. रेसच्या गाड्यांचे गिअरबॉक्स या जातीचे असतात. कारच्या नेहमीच्या गिअरबॉक्सला नुसतं पॅडल लावून तो फॉर्म्युला वनसारखा होत नाही, त्याचं कारण हेच. रिंगला घासायला वेळ द्यावाच लागतो. घाई केली तर आधी रिंग जाते, मग गिअरबॉक्स.

फेरारी ६४० आणि ऑल्टरनेटरचा बेल्ट

पॅडलचा उगम गंमतशीर आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी फेरारीत जॉन बर्नार्ड नावाचा इंग्रज डिझाइनर होता. त्याला ड्रायव्हरची मजा वाढवायची नव्हती. त्याला गिअरचा दांडा नकोसा झाला होता, कारण दांड्यासाठी कॉकपिट रुंद करावं लागतं आणि तिथून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत सळ्या न्याव्या लागतात. दांडा काढून टाकला तर गाडी अरुंद होईल, हवा चांगली कापेल. मग गिअर टाकायचे कशाने? स्टिअरिंगवरून विजेचा सिग्नल द्यायचा, आणि मागे हायड्रॉलिक व्हॉल्व्हने ड्रम फिरवायचा.

ही गाडी म्हणजे फेरारी ६४०. १९८९ च्या मोसमातली पहिली शर्यत ब्राझीलला, रिओमध्ये होती. चाचण्यांमध्ये गाडी इतक्या वेळा बंद पडली होती की ती शर्यत पुरी करेल असं कोणालाच वाटत नव्हतं. नायजेल मॅन्सेलने तर परतीचं लवकरचं विमान पाहून ठेवलं होतं म्हणतात. शर्यतीच्या मध्येच त्याचं स्टिअरिंग व्हील बदलावं लागलं. आणि तो जिंकला! त्यानंतर मात्र गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली आणि सगळा दोष नव्या गिअरबॉक्सवर गेला. पुढे कळलं की बऱ्याच वेळा गिअरबॉक्सचा दोषच नव्हता. इंजिनच्या थरथरीमुळे ऑल्टरनेटरचा बेल्ट निसटायचा, वीज कमी पडायची आणि विजेवर चालणारा गिअरबॉक्स आधी मान टाकायचा. व्हायव्हाला 'फेल्युअर ॲनालिसिस' विचारलं तर हे उदाहरण द्या, कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाही. १९९५ नंतर फॉर्म्युला वनमध्ये दांड्याची गाडी दिसली नाही.

एक गोष्ट इथे ध्यानात घ्या. आजही फॉर्म्युला वनमध्ये गिअर कधी बदलायचा हे ड्रायव्हरच ठरवतो. आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा २००४ पासून नियमाने बंद आहे. म्हणजे होस्टेलच्या वादातली ती 'ऑटोमॅटिक' रेसकार ऑटोमॅटिक नाहीच. निर्णय माणसाचा आणि हातपाय यंत्राचे, असा तो कारभार आहे.

फेरारीचा नातलग, सेलेरिओ

रस्त्यावरच्या फेरारीत पॅडल आले १९९७ मध्ये, एफ३५५ या मॉडेलला. आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच होता, सहा गिअरचा, क्लचसकट. फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला माणसाच्या हातापायाऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली होती. ती इटलीच्या मॅग्नेटी मरेली कंपनीने पुरवली होती. आता २०१४ मध्ये या. मारुतीने सेलेरिओ आणली, त्यात 'ऑटो गिअर शिफ्ट'. साधा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, त्याच्यावर हायड्रॉलिक यंत्रणा, आणि पुरवठादार? मॅग्नेटी मरेली! यालाच आपण एएमटी म्हणतो. तेव्हा ज्यांच्या काकांकडे एएमटीवाली छोटी गाडी आहे त्यांनी काकांना सांगायला हरकत नाही की तुमची गाडी फेरारीची लांबची नातलग आहे.

मग फेरारीत जे वेगवान वाटतं ते काकांच्या गाडीत डुलकी घेतल्यासारखं का वाटतं? कारण तिथे हेतूच वेगळा. एएमटीत क्लच सावकाश सोडतात, क्लच प्लेट टिकावी म्हणून, ॲव्हरेज मिळावं म्हणून आणि किंमत आटोक्यात राहावी म्हणून. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गॅप पडते, डोकं पुढे जातं, मग मागे येतं. ॲक्सिलरेटर गिअर बदलाच्या वेळी किंचित सैल सोडायची सवय लावली तर हा झटका बराच कमी होतो, आणि ही सवय शिकवते ती मॅन्युअल गाडीच. पण एएमटीला कुणी हसू नये. ज्या पैशात ऑटोमॅटिकचा विचारही करता येत नव्हता त्या पैशात ती डाव्या पायाला सुट्टी देते.

किनेटिक होंडा ते विल्यम्स

दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाचा झोत दुसऱ्या पंख्याला फिरवतो. मधल्या तिसऱ्या छोट्या पंख्यामुळे, म्हणजे स्टेटरमुळे, सुरुवातीला जोर वाढूनही मिळतो. घर्षणाची प्लेट या जोडणीत नाही, म्हणून ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकायला याच्यासारखं दुसरं काही नाही. जुन्या गाड्यांत तेल घसरायचं, पेट्रोल जास्त जायचं, म्हणून नाव बदनाम झालं. आता वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकत्र बांधतो. बीएमडब्ल्यूने आपल्या एम५ मध्ये २०१७ साली ड्युअल क्लच सोडून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर घेतला. सहाशे हॉर्सपॉवरची गाडी, आणि तिला 'आजोबांचा' गिअरबॉक्स! तेव्हा ही जात जुनी आहे, पण म्हातारी झालेली नाही.

तिसरी जात सीव्हीटी, आणि ती आपल्या घरातली. १९८४ मध्ये फिरोदियांच्या किनेटिकने होंडाबरोबर गिअर नसलेली स्कूटर आणली, किनेटिक होंडा. ९८ सीसी, बटण स्टार्ट, आणि गिअर नाही. त्याआधी घरोघरी होती ती बजाज चेतक, १९७२ पासून. डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीत पीळ देऊन टाकायचे चार गिअर. (हँडलवरून हात न काढता गिअर टाकायची सोय आपल्या वडिलांकडे बर्नार्डच्या आधी सतरा वर्षे होती, ही नोंद असावी.) चेतक चालवणारे किनेटिक होंडाला हसले. पण क्लचच्या धास्तीने आयुष्यात कधी गाडी चालवली नसती अशी कितीतरी माणसं, विशेषतः बाया, तिच्यामुळे रस्त्यावर आली. आज रस्त्यावर दिसणारी बहुतेक प्रत्येक स्कूटर तिच्याच तत्त्वावर चालते.

तत्त्व सोपं आहे. दोन पुली आणि एक बेल्ट. पुलीचे दोन अर्धे शंकू जवळ आले की बेल्ट बाहेर सरकतो, लांब गेले की आत येतो. त्यामुळे पुलीचा व्यास आणि गिअर रेशो सलग बदलत जातो, पायऱ्या नसतात. पायऱ्या नाहीत म्हणजे गॅपही नाही. इंजिनला सगळ्यात जास्त पॉवरच्या आरपीएमवर धरून ठेवता येतं. आता विचार करा, रेसला याहून चांगलं काय? विल्यम्सने नेमका हाच विचार केला. १९९३ मध्ये त्यांनी फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचण्या घेतल्या. पण ती गाडी शर्यतीत उतरली नाही, कारण १९९४ च्या नियमांत सीव्हीटीवर बंदी आली. किनेटिक होंडाच्या चुलतभावाला फॉर्म्युला वनच्या दारातूनच परत पाठवलं.

कारमध्ये मात्र सीव्हीटीचा आवाज लोकांना रुचत नाही. इंजिन एका सुरात घोंगावतं आणि गाडी मागून वेग घेते, दोघांचा मेळ बसत नाही. मग कंपन्या काय करतात? पुलीला सात ठरावीक जागी थांबायला शिकवतात आणि वर पॅडल देतात. २०१४ च्या होंडा सिटी सीव्हीटीला असे पॅडल होते. ज्या गिअरबॉक्सचा गुणच पायऱ्या नसणं हा आहे, त्याला पायऱ्या लावायच्या! तरी घाट उतरताना खालची पायरी धरून इंजिन ब्रेकिंग करायला ही सोय कामाची आहे. चिखलदऱ्याहून खाली येताना ब्रेक तापण्यापेक्षा हे बरं. म्हणजे या गाडीतल्या पॅडलचा खरा उपयोग स्पोर्टी चालवण्याच्या अगदी उलट बाजूचा आहे.

चौथी जात ड्युअल क्लच. एका क्लचवर १-३-५, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही तिसऱ्यावर असताना चौथा आधीच अडकवून तयार असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटत जातो, दुसरा धरत जातो, जोर तुटत नाही. कल्पना फ्रान्सच्या ॲडॉल्फ केग्रेसची, १९३९ च्या सुमाराची. पोर्शने १९८० च्या दशकात रेसमध्ये वापरली, आणि फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फमधून रस्त्यावर आणली. आपल्या राज्यात चाकणला २०१३ पासून पोलो जीटी टीएसआय या गिअरबॉक्ससह बनत होती. २०२२ मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्ये ड्युअल क्लच आणला, तोही तेलात बुडालेला, म्हणजे 'वेट' क्लच. वेट का, ते मे महिन्यात ४५ अंशांत व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहिलं की कळतं. गर्दीत इंच-इंच पुढे जाणं म्हणजे सतत हाफ क्लच. कोरडी प्लेट तापते आणि तिला थंड करायला हवेशिवाय काही नसतं. तेल असलं की उष्णता वाहून नेतं.

तर फेरारीच्या पॅडलमागे आज ड्युअल क्लच असतो. होंडा सिटीच्या पॅडलमागे बेल्ट होता. एम५ च्या पॅडलमागे तेलातले पंखे. बटण तेच.

टीमच्या मीटिंगमधला हिशोब

आता आपल्या कामाचं. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या प्रत्येक टीममध्ये एक मीटिंग अशी होतेच, जिथे कोणीतरी म्हणतं, "यंदा पॅडल बसवायचे." आणि ट्रेझरर डोक्याला हात लावतो. पैसे वर्गणीचे असतात, स्पॉन्सर शेवटच्या क्षणी पाठ फिरवतो, म्हणून हा निर्णय हौसेवर सोडू नये. कागद घ्या.

समजा इंजिन चाकणलाच बनलेल्या केटीएम ३९० चं, पहिल्या पिढीचं, ३७३ सीसी. गिअरबॉक्स डॉगवाला, क्रमाने पडणारा, म्हणजे पॅडलला अगदी योग्य. ॲक्सिलरेशनची शर्यत ७५ मीटरची. समजा वेळ ५ सेकंद, शेवटचा वेग सेकंदाला २६ मीटर, आणि मध्ये दोन वेळा गिअर बदलला, एकदा १२ वर आणि एकदा २० वर. हाताने गॅप ०.४ सेकंद, पॅडलने ०.१. दर वेळी ०.३ वाचले, दोनदा, म्हणजे एकूण ०.६ सेकंद वाचले असं कोणालाही वाटेल. ते चूक आहे. गॅपमध्ये गाडी थांबत नाही, मिळालेल्या वेगाने पुढे जातच असते. हवेचा रोध सोडला तर हिशोब असा येतो:

वाया गेलेला वेळ = गॅप × (१ − गिअर बदलतानाचा वेग ÷ शेवटचा वेग)

पहिल्या बदलाला ०.३ × (१ − १२/२६) म्हणजे ०.१६ सेकंद. दुसऱ्याला ०.३ × (१ − २०/२६) म्हणजे ०.०७. एकूण ०.२३. यातून एक मजेदार गोष्ट कळते. सुरुवातीचा गिअर बदल महाग असतो, शेवटच्या रेषेजवळचा जवळजवळ फुकट. तेव्हा पॅडल असो वा नसो, स्प्रॉकेट असं निवडा की पहिला बदल उशिरा यावा.

पॅडलचं वजनही धरा. बाटली, रेग्युलेटर, सोलेनॉइड, सिलिंडर, वायरिंग मिळून समजा ४ किलो. ड्रायव्हरसकट गाडी २८० किलो. वजन १.४ टक्के वाढलं की वेळ साधारण त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.७ टक्के वाढतो. ५ सेकंदांत ०.०४. तरी ०.१९ सेकंद हातात उरतात. या शर्यतीत एवढा फरक खूप झाला.

पण हवेचा हिशोब पाहा. २५ मिमी व्यासाचा सिलिंडर ६ बार दाबावर सुमारे २९५ न्यूटन देतो, म्हणजे ३० किलोचा धक्का. लिव्हर हलवायला चांगला. २५ मिमी स्ट्रोकला दर वेळी साध्या दाबाची जवळपास ८६ घनसेंमी हवा जाते. दोन लिटरची बाटली १० बारपर्यंत भरली आणि ६ बारला संपली धरली, तर वापरायला ८ लिटर हवा मिळते. म्हणजे सुमारे ९३ गिअर. एन्ड्युरन्स २२ किलोमीटरची. वळणावळणाचा एक किलोमीटरचा ट्रॅक, फेरीला ८-१० बदल, म्हणजे २०० च्या आसपास. अर्ध्या वाटेत बाटली रिकामी! मग कंप्रेसर लावा, नाहीतर द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची बाटली घ्या. खर्च वाढला, गळतीच्या जागा वाढल्या. त्यात पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला न्यूट्रल शोधायला अर्धा स्ट्रोक लागतो, तो हवेला नीट जमत नाही. सगळ्यात जास्त गुण एन्ड्युरन्सला असतात, आणि जी गाडी तिथे बंद पडते तिचं ०.१९ सेकंदांचं लोणचं घालायचं का?

माझं मत असं की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या टीमने हवेच्या नादी लागू नये. पॅडल घ्या, पण केबलचे. स्टिअरिंगमागचं पॅडल पुश-पुल केबलने थेट गिअर लिव्हरला जोडा. ताकद ड्रायव्हरच्या बोटांची. पॅडलच्या बुडाला एक छोटा स्विच बसवा, तो इग्निशन ५०-८० मिलीसेकंद तोडेल. तेवढ्या वेळात डॉगवरचा भार जातो आणि क्लच न दाबता वरचा गिअर पडतो. गॅप थोडी जास्त राहील, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतील, आणि बर्नार्डलाही सुरुवातीला हवं होतं ते अरुंद कॉकपिट मिळेल. खालचे गिअर टाकताना मात्र क्लच लागेलच. तो हाताच्या लिव्हरवर घ्या, पायाजवळची जागा वाचते. न्यूमॅटिक पुढच्या वर्षी, गाडी एकदा एन्ड्युरन्स पुरी करून आली की.

डावा पाय

स्पोर्ट्स कारच्या जगात मॅन्युअल संपलं नाही, फक्त त्याचं काम बदललं. पोर्शने २०१३ मध्ये ९११ जीटी३ फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली, कारण ती जास्त वेगवान होती. गिऱ्हाइकं नाराज झाली. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, एकूण ९९१ गाड्या. त्यांच्या किमती बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी वर गेल्या. २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअल परत मिळू लागलं. हळू गिअरबॉक्ससाठी लोक हट्ट धरतात, कारण त्यांना घड्याळाशी शर्यत नाही, हाताला काम हवं आहे. हौसेला मोल नसतं, ठीक आहे.

पण डाव्या पायाचा प्रश्न मला स्पोर्ट्स कारपेक्षा एसटीच्या ड्रायव्हरच्या बाबतीत जास्त खरा वाटतो. एका थांब्यावर थांबून पुन्हा वेग घ्यायला चार-पाच वेळा क्लच दाबावा लागतो. दिवसाला शंभर थांबे, सिग्नल आणि गतिरोधक धरले तरी चार-पाचशे वेळा, तेही ट्रकच्या जड क्लचवर, वर्षानुवर्षे. तो पाय हौस करत नसतो. ज्या यंत्रणेला आपण 'काकांची ऑटोमॅटिक' म्हणून हसतो, तिची पहिली गरज त्या सीटवर आहे. १ जून २०२२ ला एसटीची 'शिवाई' ही विजेवरची बस पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगरमध्ये धावू लागली. तिच्यात क्लच नाही. इलेक्ट्रिक मोटर शून्य आरपीएमपासून पूर्ण जोर देते, तिला एकच रेशो पुरतो.

आणि इथे आपल्यापैकी पुष्कळांच्या नोकरीचा प्रश्न येतो. फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची शर्यत २०१४ मध्ये सुरू झाली, महिंद्राची टीम पहिल्या मोसमापासून तिच्यात आहे. त्या मोसमात सगळ्या गाड्यांना पाच गिअरचा बॉक्स होता. नंतर गिअर कमी होत गेले, आता एकच रेशो उरला. रस्त्यावर टाटा नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ च्या आवृत्तीत स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, पण ते गिअर बदलत नाहीत. ते ब्रेकिंगमधून बॅटरीत किती वीज परत घ्यायची ते ठरवतात. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये तर पॅडल ओढलं की स्पीकरमधून इंजिनचा आवाज येतो आणि मोटरचा जोर मुद्दाम क्षणभर तोडून झटका देतात, नसलेला गिअर पडल्यासारखा. केग्रेसपासून जो झटका घालवायला माणसं खपली, तो आता सॉफ्टवेअर लिहून परत घातला जातो आहे.

गडेगावचे ट्रक-गिअर आणि हिंगण्याचे ट्रॅक्टर-गिअर लगेच बंद होणार नाहीत. चाळीस टनांचा ट्रक आणि चिखलातला नांगर यांना रेशो लागणारच. इलेक्ट्रिक गाडीच्या एका रेशोलाही गिअर लागतो, आणि तो मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्यांवर आवाज न करता फिरला पाहिजे. इंजिनच्या आवाजात जे दातांचं किणकिणणं पूर्वी झाकलं जायचं ते आता उघडं पडतं. दातांचं प्रोफाइल, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट, बेअरिंग, हे सगळे पेपर जे आपण 'आउटडेटेड' म्हणून ऑप्शनला टाकतो, तिथेच काम उरलं आहे. ऑटोमोबाईल लॅबमध्ये कट-सेक्शन गिअरबॉक्स असतोच, बहुतेक धूळ खात. पुढच्या प्रॅक्टिकलला त्याचा लिव्हर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अगदी सावकाश न्या आणि पितळी रिंग कधी घासायला लागते ते बोटाने पाहा.